वर गेलेला गोटा

दिवाळी सरली की माझे पाय घरात ठरत नाहीत. अकोल्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर थंडी येते ती गाड्यांच्या धुरातून गाळून येते, तरी मला ती बरोबर ओळखू येते. गॅलरीत कपडे वाळत घालताना चिमटा हातात तसाच राहतो आणि मी उत्तरेकडे बघत उभी राहते. इथून डोंगर दिसत नाही. मधे इमारती, पाण्याच्या टाक्या, जाहिरातींचे फलक, आणि त्यापुढे तुरीचं आणि कपाशीचं अख्खं काळं रान. पण डोंगर तिथे आहे हे मला ठाऊक असतं आणि तेवढ्याने चैन पडत नाही. नवरा म्हणतो, लागली हिच्या पायाला भिंगरी. शाळेत चाचणी चालू असते, मी वर्गात येरझाऱ्या घालते, आणि पोरांना वाटतं बाई आज कॉपी पकडायच्या बेतात आहेत.

परवा सलीमभाईंचा फोन आला. सलीमभाई म्हणजे अकोटचे गादीवाले. कापूस पिंजण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि नाद पाखरांचा. दुकानात भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन बसलेला हा माणूस थंडीत गळ्यात दुर्बीण अडकवतो आणि सातपुड्यातल्या नरनाळा किल्ल्याच्या जंगलाकडे निघतो. आवाजावरून पाखरू ओळखतो असा त्याचा दावा आहे. मी तो मानत नाही, यावरून आमची भांडणं होतात. "पाखरांची गणना हाय बाई, नरनाळ्याची. येता का?" मी नाही म्हटलं. दरवर्षी मी आधी नाहीच म्हणते. मग कपाटाच्या वरच्या खणातून जुने बूट काढते.

बुटांना अजून डोंगराची तांबूस माती आहे. ती मी धूत नाही.

पहिल्यांदा मी त्या गणनेला गेले ते पाखरांसाठी नाही. मी एक गोटा शोधायला गेले होते.

तेव्हा मी अकोटच्या एका शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. घर अकोट रस्त्यावरच्या एका गावात. वडील मी लहान असतानाच गेले, मला वाढवलं मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाने, आणि मोठ्या आईने. मोठेबाबा बोलका माणूस. बैलांशी बोलायचे, पंपाशी बोलायचे, कपाशीच्या बोंडाला नावं ठेवायचे. अंगणाच्या कडेला रस्त्यालगत एक म्हातारा निंब होता आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी. छोटी घुबडं, मुठीएवढी, गोल डोळ्यांची. दिवेलागणीला त्यांचा कलकलाट सुरू झाला की मोठेबाबा ओट्यावरून म्हणायचे, झालं, नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं. मग मोठ्या आईकडे बघून गालात हसायचे.

ती वर्षं मात्र हसण्याची नव्हती. पेपरात रोज एक गाव असायचं आणि ते गाव दिवसेंदिवस जवळ यायचं. माणूस गप्प बसला की घर घाबरायचं. वरातीतून, बाजारातून, वावरातून कुणी उशिरा आलं तर बायका दारात उभ्या. एकमेकींना न सांगता साऱ्याजणी एकच काम करायला लागल्या होत्या, ते म्हणजे फवारणीच्या औषधाचा डबा कुलपात ठेवणं. मोठ्या आईने तो कोठीमागच्या पेटीत कुलूप लावून ठेवला होता आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेत अडकवली होती. आमच्या घरात तसं काही कारण नव्हतं, पण त्या दिवसांत कारण विचारत कोणी बसत नसे.

मग एक दिवस पेपरातलं गाव आमचंच झालं. औषध पिऊन गेलेल्या माणसाची मुलगी माझ्या वर्गात होती. मोठेबाबांचा तो लहानपणापासूनचा सोबती. राख सावडून ते घरी आले त्या संध्याकाळी पिंगळे नेहमीसारखेच ओरडायला लागले. मोठेबाबा ओट्यावर बसले होते. आयुष्यात कुत्र्यावर हात न उगारलेला हा माणूस उठला, हाताला आलं ते उचललं आणि निंबावर भिरकावलं. पंख फडफडले, जोडी उडाली, आवाज बंद. मी दारातच उभी होते. मलाही त्या क्षणी बरंच वाटलं.

हाताला आला तो धारेचा गोटा होता. हे नीट सांगायला हवं. आमच्या काळ्या मातीत गोटा सापडत नाही. हातभर खणा, दोन हात खणा, मातीच. मारायचंच झालं तर ढेकूळ मिळतं. हा गोटा आजोबांनी नरनाळ्याच्या पायथ्याच्या नदीतून आणलेला, तांबूस, मधून पांढरी रेघ गेलेला, विळ्यांना धार लावायला कायम ओट्यावर असायचा. तो वर गेला तो गेलाच. खाली पडल्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी मोठेबाबांनी निंबाखालचा पाला उचलून पाहिला, रस्त्यापलीकडचं तुरीचं वावर पाहिलं. गोटा नव्हता.

आणि आम्हा पोरांना लहानपणी बजावून सांगणारे तेच होते, की घुबडाला गोटा मारायचा नाही. मारला तर ते गोटा उचलून नेतं आणि नदीच्या पाण्यात घासत बसतं. गोटा झिजतो तसा मारणारा झिजतो.

मोठेबाबा झिजायला लागले. हे मी बोलण्याची रीत म्हणून लिहीत नाही. महिनाभरात धोतर कमरेला दोनदा गुंडाळावं लागायला लागलं. जेवण होतं, पण अंगी लागत नव्हतं. बोलणं बंद. सारखं पाणी प्यायचे, घागर संपवायचे. मोठ्या आईला गोट्याची गोष्ट ठाऊक होती आणि ती आपली चेष्टा करून ते हसण्यावारी न्यायला बघायची. म्हणायची, नशीब समजा गोटा हाती आला, ढेकूळ मारलं असतं तर एका बुडीतच विरघळला असता. दिवसा अशी बोलायची आणि ते वावराकडे निघाले की कोठीमागे जाऊन पेटी उघडून डब्याला हात लावून यायची. डबा जागेवर आहे हे कळलं की चुलीपाशी बसायची. मीही शाळेतून येताना फाट्यापासूनच घराकडे बघायला लागायचे, दारात माणसं जमलीत का ते.

एका रविवारी कापूस वेचायला गेलो होतो. ओटी भरली म्हणून मी धुऱ्याच्या बांधावर टेकले, तर मोठेबाबा शेजारी येऊन बसले. कपाशीच्या बोंडाचं टोक बोटाला रुतलं होतं, ते चोखत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पोरी, तुमी उगाच कुलपं लावता. मले काई प्यायचं-गियायचं नाई. मले मरायचंच नाई. पण तो तिकडं गोटा घासून राह्यला ना. मी काय करू?"

मी डॉक्टरकडे चला म्हटलं. ते म्हणाले, डॉक्टर काय नदीवर जाणार आहे का.

किती दिवसांनी एवढं बोलले होते. मला आधी सुटल्यासारखं झालं, की चला, ते नाही. मग राग आला. मग भीती वाटली, कारण माणूस खरंच डोळ्यांदेखत संपत होता आणि त्याच्या डोक्यातून ही गोष्ट काढायला माझ्यापाशी काही नव्हतं. शाळेत मी फळ्यावर आतड्यांची आकृती काढत होते. घरी येताना नदीचा पूल लागला की खिडकीतून वाकून काठावरचे गोटे बघत होते.

पुढच्याच आठवड्यात वनखात्याची पक्षीगणना होती आणि माणसं कमी पडत होती. सलीमभाई शाळेत विचारायला आले, विज्ञानाच्या बाई म्हणून मला. मी लगेच हो म्हटलं. नरनाळा म्हणजे त्या गोट्याचं माहेर. नेला असेल तर तिथेच नेला असेल, असं माझं डोकं चालत होतं. हे शास्त्र नव्हे हे मलाही कळत होतं.

शहानूरला जंगलाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा झाडांना उन्हं लागत होती. सागाची पानं वाळून खाली पडलेली, पाऊल टाकलं की सारं जंगल जागं होईल एवढा आवाज. त्या सकाळी मी काय काय पहिल्यांदा पाहिलं. उघड्या सागांमधून निखार पाखरांचा थवा गेला, नर लाल आणि माद्या पिवळ्या, झाडाला अचानक फुलं आली आणि उडून गेली. टकाचोर लांब शेपूट सावरत ओरडत होता. सुतार पक्षी ठोकत होता, थांबत होता, पुन्हा ठोकत होता. किल्ल्याच्या तटावरून सर्पगरुडाची शीळ आली. झुडपातून रानकोंबडा आरवला तो गावच्या कोंबड्यासारखाच, फक्त शेवट तोडून टाकलेला. वडाच्या शेंड्यावर हरियाल उन्हाला बसले होते, पिवळे पाय पोटाखाली घेऊन. सलीमभाई नावं सांगत होते, फॉरेस्टचा गार्ड लिहून घेत होता, आणि मी वाटेत लागेल त्या ओढ्यात उतरत होते.

नदीतल्या गोट्यांबद्दल एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. तिथे सगळेच गोटे झिजलेले असतात. तांबूस तर ढिगाने. पांढरी रेघही पुष्कळांना. मी एक उचलायचे, ठेवायचे, दुसरा उचलायचे. हात गारठले होते आणि मला रडू येत होतं.

"बाई, पाखरं वर असतेत," सलीमभाई काठावरून म्हणाले.

मग मी त्यांना सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत. माझ्या दादीनेही हेच सांगितलं होतं, म्हणाले, अगदी असंच, नदी तेवढी वेगळी. त्यांनी दुर्बीण पुसली, पुन्हा पुसली, आणि म्हणाले,

"गोटा तर काई दाखवता येत नाई. मंग घुबडच दाखवू ना त्यायले."

त्या वर्षी साऱ्या गणनेचं ध्यान एकाच पाखराकडे होतं, ते म्हणजे रानपिंगळा. आमच्या निंबावरच्या पिंगळ्याचाच भाऊबंद, पण जंगलात राहणारा, अंगावर ठिपके कमी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. शंभरावर वर्षं तो कुणाला दिसलाच नव्हता. संपला असं धरून चालले होते. मग थोड्या वर्षांपूर्वी सातपुड्यातच पुन्हा सापडला. आणि हा पिंगळा दिवसा शिकार करतो, भर उन्हात, सगळ्यांसमोर. नरनाळ्याच्या वर कोरकू आदिवासींच्या एका छोट्या वस्तीच्या कडेला, मोकळ्या सागवनात, सलीमभाईंना एक जोडी माहीत होती. ढोलीत पिल्लं होती. गार्डला विचारलं. तो आधी नकोच म्हणाला, मग म्हातारं माणूस आहे म्हटल्यावर तयार झाला, लांबूनच बघायचं या अटीवर.

मोठेबाबांना कसं तयार केलं ते मोठ्या आईलाच ठाऊक. बहुतेक ती म्हणाली असेल, जा, माफी मागून या एकदाची. ते टोपी घालून, मफलर बांधून, भाकर-ठेचा फडक्यात घेऊन सलीमभाईंच्या गाडीत बसले. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. वस्तीपासून पुढे चालताना त्यांना धाप लागत होती. मी हात धरला तर मनगटाची हाडं हाताला लागली, आणि मला वाटलं आपण फार मोठी चूक करतोय. घुबड बघून हा माणूस इथेच बसला तर काय करायचं.

एका पडलेल्या ओंडक्यावर आम्ही बसलो. समोर सलईचं झाड, पानं नसलेलं, आणि त्याच्या उघड्या फांदीवर, स्वच्छ उन्हात, तो बसला होता. शेपूट झटकत होता. मोठेबाबा ताठ झाले. हात जोडले. सलीमभाई हलक्या आवाजात सांगायला लागले, की हा तुमच्या निंबावरचा नाही, याचे ठिपके वेगळे. मोठेबाबांनी तेवढंच विचारलं, "जात तेच ना?" 

पिंगळा खाली झेपावला. पाल्यातून एक सरडा उचलला, ढोलीशी गेला, आत दिला, बाहेर आला. फांदीवर बसतो न बसतो तोच पुन्हा खाली. या खेपेला काही लागलं नाही. पुन्हा फांदी, पुन्हा झेप. एक कोतवाल पक्षी त्याच्या मागे लागला, डोक्यावर टोचा मारून गेला. तो खाली मान घालून बसला, कोतवाल गेल्यावर पुन्हा कामाला लागला. ऊन चढत गेलं. आमच्या पायांना मुंग्या आल्या. तो काही थांबेना. ढोलीतून पिल्लांचा चिरचिराट येत होता आणि तो बिचारा ये-जा करून नुसता पिंजून निघाला होता.

मोठेबाबांचे जोडलेले हात कधी सुटले ते मी पाहिलं नाही. ते गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकले होते, आपल्या वावरात दुसऱ्याचं औत चाललेलं बघावं तसे. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"कायचा गोटा अन् कायचं घासणं. त्याले लेकरायच्या पोटापुढं फुरसत कुठं हाय, बाप्पा?"

आणि त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. चौघांत वाटलं. स्वतः अख्खी भाकर खाल्ली, ठेचा चांगला झालाय म्हणाले, आणि गार्डला विचारायला लागले की मादी काहून बाहेर येत नाही, हा एकटाच काहून राबून राहिला. उतरताना गाडीत त्यांनी सलीमभाईंना गादी भरायच्या कापसावरून इतकं पिडलं की सलीमभाई म्हणाले, काका, परत जायचं का वर.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः होऊन माझ्यासोबत अकोटच्या डॉक्टरकडे आले. साखर निघाली, भरपूर. गोळ्या सुरू झाल्या, गोड बंद झालं. महिन्याभरात धोतर एकाच वेढ्यात बसायला लागलं. मोठ्या आईने मंगळसूत्रातली किल्ली काढली. बिनसाखरेच्या चहाला ते पुढे कैक वर्षं, अगदी शेवटपर्यंत, शिव्या देत राहिले. ओट्यावर बसून पिंगळ्यांकडे बघायचे आणि कुणी पोराने ढेकूळ उचललं की म्हणायचे, असू दे रे, तो कामावर निघून राहिला.

इथे संपलं असतं तर मी थंडीत अशी येरझाऱ्या घालत फिरले नसते.

ती डोंगरावरची वस्ती नंतर उठवली. वाघासाठी, जंगलासाठी, पाखरांसाठी. माणसांना खाली आणून उन्हात घरं दिली. काहींचं बरं झालं, काहींचं नाही, मला दोन्ही प्रकारची माणसं शाळेत भेटतात. वर गुरं चरायची थांबली तशी गवत पुरुषभर वाढलं. रानपिंगळ्याला तर मोकळी जमीन लागते, सरडा दिसायला हवा. आता तो तिथे आहे की नाही, यावर कुणी आहे म्हणतं, कुणी नाही म्हणतं. सलीमभाई म्हणतात, असेल बाई, थोडा सरकला असेल. मी त्या बाजूला जाण्याचं टाळते. राखायला निघालो की काय राहील आणि काय जाईल, हे कुणाला नक्की ठाऊक असतं असं मला आता वाटत नाही. आणि फाटकाच्या आतल्या पाखरांना निदान गार्ड आहे. आमच्या वावरातल्या तारांवर नीळकंठ बसायचे, ते कधी कमी झाले ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

मोठेबाबा गेले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अकोटचा रस्ता रुंद करायला घेतला. रस्त्याच्या दोन्ही कडांचे निंब कापत कापत मशीन आमच्या अंगणापर्यंत आली. मोठ्या आईने फोन केला, निंब चालला, बघायचा असेल तर ये. मी पोचले तेव्हा झाड आडवं होतं आणि एक माणूस बुंधा कापत होता. ढोलीपाशी करवत कर्रकन अडखळली. त्याने शिवी दिली, खोड फोडलं, आतला कचरा हाताने उपसला. किड्यांचे पंख, उंदरांची हाडं, पिसं, अंड्याचं वाळकं टरफल. आणि त्यात खाली, अगदी तळाशी, तांबूस, मधून पांढरी रेघ.

वर गेलेला गोटा थेट ढोलीत पडला होता, म्हणून आवाज आला नाही. पिंगळ्यांनी तो कुठे नेला नव्हता, कशावर घासला नव्हता. त्यांच्याने तो हलला नसेल, म्हणून त्यांनी त्याला तसाच राहू दिला आणि इतकी वर्षं त्याच्या अंगाला अंग लावून अंडी उबवली. मोठेबाबा नाहीत याचं मला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं ते गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मोठ्या आईने गोटा पदराने पुसला, उलटसुलट करून पाहिला. काहीच झिजला नव्हता. तिने तो डोळ्यांना लावला. पण शेवटी ती मोठी आईच, आत जाऊन विळा घेऊन आली, ओट्यावर बसली आणि गोट्यावर पाणी शिंपडून धार लावायला लागली. चांगला गोटा इतकी वर्षं वाया गेला, म्हणाली. खर्र, खर्र, खर्र. मी रस्त्याकडे पाहिलं. पलीकडे विजेच्या तारेवर, टळटळीत उन्हात, पिंगळ्यांची जोडी एकमेकांना चिकटून बसली होती. खालून ट्रक जात होते. जिथे निंब होता त्या रिकाम्या जागेकडे बघत दोघं माना खालीवर करत होते.

मी बोट दाखवलं. मोठ्या आईने वर पाहिलं. तिचा हात थांबला. तिने गोट्यावरचं पाणी पदराने टिपलं आणि गोटा माझ्या हातात दिला.

"ने हा तुया घरी," ती म्हणाली. "इथं राह्यला तर कोणी ना कोणी घासन."

तेव्हापासून तो अकोल्याला गॅलरीत आहे, कोरफडीच्या कुंडीशेजारी. घरातल्या सगळ्या सुऱ्या बोथट आहेत आणि नवरा त्यावरून बोलतो. उद्या पहाटे सलीमभाई गाडी घेऊन येतील. बूट दाराशी काढून ठेवलेत. मघाशी झाडांना पाणी घालताना गोटा भिजला. मी तो उचलला, ओढणीने पुसून कोरडा केला आणि घरात आणून ठेवला.